खुल्या यादीतली आमची मुलगी

जव्हारच्या माझ्या घराला मागच्या अंगानं एक खोली आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या दोन मुली तिथं राहायला आल्या तेव्हा भाड्याचं बोलणं झटक्यात उरकलं, अटी सांगायला मात्र मला बराच वेळ लागला. ओले बूट ओटीवर ठेवायचे नाहीत, पहाटे पळायला जाताना दार आपटायचं नाही आणि नागलीची भाकरी केलीत तर एक मला द्यायची. पहिल्या दोन अटी त्यांनी कधीच पाळल्या नाहीत. तिसरी न चुकता पाळली, म्हणून त्या माझ्याकडे टिकल्या.

एक खोडाळ्याची, दुसरी पोशेऱ्याची. मी त्यांना तशीच हाक मारायची आणि इथंही तसंच म्हणणार आहे. खोडाळ्याची उंच, हाडापेरानं दणकट आणि तोंडानं फटकळ. तिचं नि माझं रोज वाजायचं, कारण एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. पोशेऱ्याची बारीक चणीची, गप्प. तिला काही विचारलं की आधी समोरच्याकडे बघायची, मग उत्तर द्यायची. ती शिकली त्या आश्रमशाळेत गणिताला सलग कुणी शिक्षकच नव्हता. त्यामुळे टक्केवारी आली की ती घामाघूम व्हायची आणि खोडाळ्याची तिच्या डोक्यात टपली मारून म्हणायची, "अगं, हाटात मिरच्या घेताना येतो ना हिशेब? तोच हा."

मी जव्हारच्या कोर्टात वकिली करते. जमिनीचे वाद, जामीन, नवऱ्यानं टाकलेल्या बायकांची पोटगी, असली कामं. रविवारी दुपारी मी दोघींना कायद्याचे आणि सामान्य ज्ञानाचे प्रश्न विचारायची. चुकलं की ओरडायची. माझा आवाज मोठा आहे, शेजारच्यांना वाटायचं की मी भाडेकरणींना घराबाहेर काढते आहे. खरं तर त्या घरात आल्यापासून मला संध्याकाळी घरी परतायची ओढ लागली होती. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

मैदानी झाली, लेखी झाली, आणि एका दुपारी निवड यादी लागली. मी कोर्टातून आले तर खोडाळ्याची ओटीवर गुडघ्यात डोकं घालून बसलेली. अनुसूचित जमातीच्या महिलांची यादी तिनं वरून खाली आणि खालून वर वाचली होती. पोशेऱ्याचीचं नाव होतं, अगदी शेवटचं, पण होतं. खोडाळ्याचीचं मात्र कुठंच नव्हतं. पोशेऱ्याचीला आपल्या आनंदाचं काय करावं ते कळत नव्हतं. ती हातात मोबाइल धरून नुसती उभी होती आणि मैत्रीण रडते म्हणून हसू दाबत होती.

मीच मोबाइल ओढून घेतला. वरच्या यादीत बोट फिरवलं आणि तिथं, खुल्या महिलांच्या यादीत, आमच्या खोडाळ्याचीचं नाव सापडलं.

"अगं बये, तू वरती आहेस!" मी ओरडले.

तिचा विश्वास बसेना. "ती आमची यादी नाय, मॅडम. ती खुल्यांची."

मी समजावलं. खुली जागा म्हणजे अमक्या जातीची जागा नव्हे. ती सगळ्यांना खुली. जिला मार्क जास्त, ती तिथं बसते, मग ती कुठल्याही घरातली असो. तुला इतके मार्क पडले की राखीव जागेची गरजच लागली नाही. म्हणून तुझी राखीव जागा खाली मोकळी राहिली आणि त्या यादीतली प्रत्येक मुलगी एकेक पायरी वर सरकली. मी हे सांगत असताना पोशेऱ्याची माझ्याकडे टक लावून बघत होती. ती काय मोजत होती, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. त्या संध्याकाळी मी शिरा केला आणि तो जरा करपला.

नोटीस आली ती नेमणुकीच्या आधी. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मुलीनं मुंबईच्या न्यायाधिकरणात अर्ज केला होता. खुल्या महिलांच्या यादीतून थोडक्यात बाहेर राहिलेली ती पहिलीच. तिचं म्हणणं असं, की खोडाळ्याच्या मुलीनं अर्ज भरताना अनुसूचित जमात लिहिलं, फी सवलतीची भरली, तर तिनं तिच्या राखीव जागेवर जावं. खुल्या महिलांच्या जागा खुल्या वर्गातल्या महिलांच्याच. यासाठी तिच्या वकिलानं सरकारचं एक जुनं परिपत्रकही जोडलं होतं. निकाल लागेपर्यंत त्या एका जागेवर नेमणूक देऊ नका, असा हुकूमही तिनं मिळवला होता.

खोडाळ्याला आमच्या मुलीच्या घरी नोटीस पोचली आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्या पाड्यावर कोर्टाचा कागद आला की पाठोपाठ पोलीस येतो, हा आजवरचा अनुभव. आता पोलीस व्हायला निघालेल्या पोरीच्याच नावानं कागद आला. तिच्या आईनं म्हणे आधी तिचा धावायचा टीशर्ट धुऊन पेटीत घातला. वडील दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या जिपेनं माझ्याकडे आले. आल्या आल्या विचारलं, "पोरीनं केला काय?"

"काही केलेलं नाही. मार्क जास्त पाडले, एवढाच गुन्हा," मी म्हटलं. ते हसले नाहीत.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ती पायरी रोज चढून मी पोट भरते, त्यामुळे मला ही म्हण कधी फारशी आवडली नाही. पण त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून मला ती आठवली. मी त्यांना सांगितलं, की अशाच प्रकरणात वरच्या कोर्टानं पूर्वी दिलेला निकाल आपल्या बाजूनं आहे, फक्त वेळ लागेल. त्यांनी मान हलवली. वेळ लागेल हे शब्द त्यांनी आयुष्यात फार वेळा ऐकले असावेत.

मग समोरच्या वकिलाचा फोन आला. मोठा गोडबोल्या माणूस. म्हणाला, "मॅडम, कशाला ताणायचं? तुमच्या मुलीनं एक प्रतिज्ञापत्र द्यावं, की मला माझ्या राखीव जागेवर घ्या. तिची नोकरी जात नाही, माझ्या मुलीचं काम होतं, अर्ज निकाली. तुमची मुलगी याच तुकडीबरोबर प्रशिक्षणाला जाईल. सुंठीवाचून खोकला गेला." मी त्याला, पक्षकाराशी बोलून कळवते, असं म्हटलं. फोन ठेवल्यावर स्वतःशीच दोनचार शब्द बोलले, ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. पण असा निरोप पक्षकाराला सांगावाच लागतो. मी सांगितला, नकारच येईल असं धरून.

त्यावर खोडाळ्याची, तिचे वडील आणि सोबतीला पोशेऱ्याची असे तिघं माझ्या ऑफिसात आले. ऑफिस म्हणजे कोर्टासमोरची पत्र्याची खोली, एक टेबल, चार खुर्च्या आणि पंखा. पोशेऱ्याचीनं मैत्रिणीची पिशवी मांडीवर घेतली होती. सही करायला जाणाऱ्या माणसाचे दोन्ही हात मोकळे पाहिजेत, तशी.

"लिहा कागूद," वडील म्हणाले. "पोर आपल्या जागेवर जाईल."

"का?" मी विचारलं. माझा आवाज चढायला लागला होता.

त्यांनी मला शेतातलं उदाहरण दिलं. आमच्याकडे भात कापायला बायका उभ्या राहतात तेव्हा प्रत्येकीला आपली एक पट्टी लावून दिलेली असते, तिला पात म्हणतात. आपली पात धरून सरळ पुढं जायचं. दुसरीच्या पातीत विळा घालायचा नाही. एखादी झपाट्याची असली तरी ती शेजारणीचं भात ओढत नाही, कारण तो शेजारणीचा अपमान. भांडणं होतात त्यावरून, बोलणं बंद होतं. "आपण आपली पात मागितली हुती," ते म्हणाले. "पोर दुसऱ्याच्या पातीत गेली. ती दुसरी पोर रडत आसंल. आपल्याला तिचा नको."

आणि खोडाळ्याची, जी माझ्याशी बुटांवरून तासभर भांडू शकायची, ती खाली मान घालून म्हणाली, "बाबा सांगतो ता बरोबर हाय, मॅडम. मला तिचा काय नको. माझा मला पुरे."

मी लग्नात, मयतात, कोर्टात खूप चांगली माणसं बघितली आहेत, पण आपल्या चांगुलपणानं दुसऱ्याचा गळा कापायला निघालेली माणसं तेवढी याच डोंगरात बघितली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी टेबलावर हात आपटला.

"ही पात नव्हे! शेतात तू दुसरीची पात सोडून तुझ्या पातीत आलीस तर कुणाचं काही जात नाही. इथं जातं. राखीव महिलांच्या जागा ठरलेल्या आहेत. तू खाली उतरून त्या यादीत पहिली बसलीस की सगळ्याजणी एकेक पायरी खाली सरकतील. आणि शेवटची यादीच्या बाहेर पडेल. शेवटची कोण आहे?"

वडिलांना प्रश्न कळला नव्हता. खोडाळ्याचीला कळला आणि तिनं मान वर केली.

"मी," पोशेऱ्याची म्हणाली.

तिनं ते अगदी साधेपणानं सांगितलं, शाळेत हजेरी द्यावी तसं. पिशवी तशीच मांडीवर होती.

खोडाळ्याची तिच्याकडे वळली. "तुला ठाऊक हुता?"

"हुता."

"कवापासून?"

"नोटीस आली तवापासून. मी मोजला."

"मग बोलली का नाय? माझ्यासंगती इथवर आलीस! सही कराया आलीस मला घेऊन!"

पोशेऱ्याचीनं आधी तिच्याकडे बघितलं, नेहमीसारखं, आणि मग उत्तर दिलं. "काय बोलू? तू थांब, तुझी नोकरी आडकू दे, माझी राहू दे, असा बोलू?"

तिच्या नावाची नोटीस नव्हती. अर्जात तिचा उल्लेख नव्हता. कोर्टात तिच्यासाठी कुणी उभं राहणार नव्हतं, कारण या भांडणात ती कुठं होतीच नाही. आणि सगळ्यात आधी पडणार होती तीच. मी पहिल्या दिवशी अर्ज वाचला तेव्हा मला हे कळलं होतं. तिलाही तेव्हाच कळलं असेल, असं मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. टक्केवारीला घाबरणाऱ्या मुलीनं हा हिशेब एकटीनं केला होता आणि मागच्या खोलीत माझ्यासाठी भाकरी थापत गप्प बसली होती. मला तेव्हा रडू आलं. मी पंख्याकडे बघत राहिले.

खोडाळ्याचीनं तिच्या मांडीवरची पिशवी हिसकली आणि त्यांच्या घरच्या बोलीत तिच्यावर अशी काही बरसली, की मला त्यातलं 'येडी' एवढंच धड कळलं. मग ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. वडील बराच वेळ आपल्या तळहातांकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "नको लिहू, बाय." आणि थोड्या वेळानं, "मग आमची कवा जाईल?"

मला ठाऊक नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी पुन्हा मान हलवली.

त्या दिवसानंतर सगळं ओझं खोडाळ्याचीवर आलं. पोशेऱ्याचीचा प्रशिक्षणाचा हुकूम आला तेव्हा ती जायलाच तयार नव्हती. दोघी एकत्र जाऊ म्हणाली. खोडाळ्याचीनं तिचं सामान भरलं, जिपेत टाकलं आणि तिच्या दंडाला धरून आत बसवलं. "तू नाय गेलीस तं मी कशाला थांबलेय?" जीप निघून गेली तरी ती रस्त्यावर उभी होती. मग मागच्या खोलीत येऊन तिनं अंथरुणाची एकच गुंडाळी केली आणि ती घरी निघाली. भाडं नको, राहा म्हटलं, तर म्हणाली, "भाताची आवणी आलीय. घरी हात पायजेत."

तारीख पडत गेली. मी मुंबईला जायची आणि पुढची तारीख घेऊन परत यायची. ती चिखलात रोपं लावत होती आणि पहाटे अंधारात पळत होती, कारण निकाल लागला आणि दम कमी पडला तर लाज जाईल. गावातले लोक चिडवायचे, की खुल्यात गेली आणि उघड्यावर पडली. एक मामा तर म्हणाला, हात दाखवून अवलक्षण, गप राखीव जागा घेतली असती तर आज वर्दीत असती. तिनं कुणालाही खरं कारण सांगितलं नाही. पोशेऱ्याचीच्या घरी कळलं तर त्यांना तोंड दाखवायला जड जाईल, एवढंच तिनं मला सांगितलं. मी तिला शहाणी म्हटलं. तिच्यासाठी माझ्या तोंडून कौतुक बहुधा पहिल्यांदाच निघालं असावं, कारण तिनं मला विचारलं, "बरा वाटत नाय काय तुम्हाला?"

शेवटच्या तारखेला ती माझ्याबरोबर आली. कसाऱ्याहून गाडी धरून आम्ही मुंबईत पोचलो आणि न्यायाधिकरणाच्या बाहेरच्या बाकावर बसलो. समोरच्या बाकावर अर्ज करणारी मुलगी होती. इतके महिने मी तिच्यावर मनातल्या मनात राग धरून होते. आता बघितलं तर साधा पंजाबी ड्रेस, पायांत पळायचे बूट, चेहरा ओढलेला. सोबत कुणी नव्हतं. तिचे वडील एका इमारतीत वॉचमन होते आणि त्यांना सुट्टी मिळाली नव्हती, हे मला नंतर कळलं. राग धरून ठेवायला मी खूप प्रयत्न केला, पण जमलं नाही.

आत फार वेळ लागला नाही. वरच्या कोर्टानं सांगून ठेवलंच होतं, खुली जागा सगळ्यांची. फीमधल्या सवलतीनं मार्क वाढत नाहीत, हेही मान्य झालं. अर्ज फेटाळला. मी बाहेर येऊन खोडाळ्याचीला सांगितलं तेव्हा तिनं माझे दोन्ही हात इतके घट्ट धरले, की माझ्या बांगड्या रुतल्या.

ती मुलगी आमच्याजवळ आली. मला वाटलं, आता भांडेल. तिनं फक्त विचारलं, "तू तेव्हा सही का नाही केलीस गं? तुला तर काहीच गेलं नसतं. तू इतके महिने कशाला बसलीस?"

"माझा नसता गेला, ताई," खोडाळ्याची म्हणाली. "माझ्या मैतरणीचा गेला असता. ती शेवटची हुती." आणि मोबाइल काढून तिनं पोशेऱ्याचीचा फोटो दाखवला, वर्दीतला, टोपी थोडी मोठी झालेली.

त्या मुलीनं फोटो बराच वेळ बघितला. मग हळू आवाजात म्हणाली, "हिला माझ्यापेक्षा मार्क कमी असतील ना?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. गणिताचा शिक्षक नसलेली शाळा, पावसाळ्यात तुटणारा रस्ता, आईबापांमागं वीटभट्टीवर गेलेली अर्धी वर्षं, सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. मी ते कोर्टात आणि कोर्टाबाहेर कितीदा ऐकवलं आहे आणि त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. पण खोडाळ्याची माझ्या आधी बोलली.

"हो. बरेच कमी."

ती मुलगी मान हलवत राहिली. तिचं भरतीचं वय उलटलं होतं, पुढच्या भरतीत तिला उभं राहता येणार नव्हतं. मोबाइल परत देताना म्हणाली, "तिला सांग, नोकरी नीट कर म्हणावं." आणि जिना उतरून गेली.

प्रशिक्षण केंद्रात मुलींना रविवारीच फोन मिळतो. त्या रविवारी खोडाळ्याची माझ्याकडेच होती, तिच्या हुकमाची वाट बघत. फोन लागला तेव्हा तिनं आधी निकाल सांगितला. पलीकडून ओरडणं, हसणं, रडणं सगळं एकदम ऐकू आलं. मग तिनं त्या मुलीचा निरोप सांगितला, एकही शब्द न बदलता.

पलीकडचं हसणं थांबलं. मग पोशेऱ्याचीचा आवाज आला.

"ती आता काय करंल?"

खोडाळ्याचीनं फोन तसाच धरून माझ्याकडे बघितलं. केस जिंकलेली वकील मीच होते.